लँकेशायर मुंबईच्या दारी

१९३३ च्या पावसाळ्याअखेर इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापडधंद्याचे एक शिष्टमंडळ हिंदुस्थानात आले. त्याचे पुढारी होते विल्यम क्लेअर-लीस. मुंबईच्या गिरण्या वाढू नयेत म्हणून लंडनमध्ये अनेक दशके वजन खर्च करणारा हा धंदा आता त्याच गिरण्यांच्या मालकांना भेटायला आला होता. त्याला इथवर आणले जपानने.

या भेटीचे महत्त्व कळायला थोडे मागे जावे लागते. १८९६ साली सरकारने आयात कापडावरचा कर साडेतीन टक्के ठेवला. लँकेशायरने ओरड केली, म्हणून देशी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच अबकारी कर लादला गेला. आपल्याच देशात, आपल्याच बाजारात विकायच्या मालावर हा भुर्दंड! मुंबईच्या मालकांनी त्याविरुद्ध अर्ज केले, सभा घेतल्या, पण तो हटायला १९२६ साल उजाडले. तोवर हिंदुस्थानी बाजारात नवा गडी उतरला होता.

खरे तर जपानशी मुंबईचे नाते जुने होते, आणि सुरुवातीला ते दोस्तीचे होते. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांनी निप्पोन युसेन कैशा या जपानी जहाज कंपनीशी हातमिळवणी करून मुंबई–कोबे वाहतूक सुरू केली. हेतू हा की रुई स्वस्तात जावी आणि पी. अँड ओ. या ब्रिटिश कंपनीची मक्तेदारी मोडावी. वऱ्हाड-खानदेशची आखूड धाग्याची रुई जपानी गिरण्यांना मानवली. पण तिचे सूत काढून जपानने आधी चीनच्या बाजारातून मुंबईचे सूत हुसकले आणि पुढे कापड घेऊन तो थेट मुंबईच्याच दारात आला.

हे कसे साधले? मुंबईचे मालक एकच कारण सांगत: जपानी गिरण्यांत बायका रात्रपाळीलाही राबतात. ती तक्रार खोटी नव्हती. जपानमध्ये रात्रपाळीबंदी अमलात आली ती १९२९ मध्ये. मात्र तेवढ्याने सगळा उलगडा होत नाही. जपानी धंद्याने रुईची खरेदी, सूत, विणकाम आणि विक्री यांची घट्ट साखळी बांधली होती, आणि यंत्रेही सुधारली होती. साकिची तोयोदाच्या स्वयंचलित मागाचे हक्क १९२९ मध्ये ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने विकत घेतले. जगाला कापडयंत्रे पुरवणाऱ्या लँकेशायरच्या या कंपनीने जपानी शोधासाठी पैसे मोजावेत, यातच वारे कुठे फिरले ते दिसते. डिसेंबर १९३१ मध्ये जपानने सुवर्णमान सोडला, येन घसरला आणि आधीच स्वस्त असलेले कापड आणखी स्वस्त झाले. १९१३ मध्ये लँकेशायरने हिंदुस्थानला सुमारे ३०० कोटी वार कापड विकले होते. १९३२-३३ मध्ये आकडा त्याच्या पंचमांशाच्या आसपास आला आणि जपान जवळपास बरोबरीला पोहोचला. १९३३ मध्ये कापडाच्या निर्यातीत जपानने ब्रिटनला मागे टाकले.

साम्राज्याने आधी जकातीचा मार्ग धरला. ब्रिटिशेतर कापडावरचा कर ऑगस्ट १९३२ मध्ये ५० टक्के आणि जून १९३३ मध्ये ७५ टक्के झाला. ब्रिटिश कापडावर तो २५ टक्केच राहिला. जपानी गिरण्यांनी उत्तर दिले तेही नेमक्या जागी. त्यांनी हिंदुस्थानी रुई घेणेच थांबवले. मंदीने कापसाचे भाव आधीच पडले होते, त्यात सर्वात मोठ्या गिऱ्हाइकाने पाठ फिरवली. मुंबईच्या मागाला वाचवायला घातलेले कुंपण कापूस पिकवणाऱ्याच्या गळ्याशी आले.

म्हणून शिमल्यात जपानशी बोलणी सुरू झाली. हिंदुस्थान सरकारच्या बाजूने सूत्रे होती व्यापारमंत्री सर जोसेफ भोर यांच्याकडे. भोर नाशिकचे, शिकले पुण्यात, डेक्कन कॉलेजात. सार्वजनिक आरोग्यावरच्या भोर समितीमुळे त्यांचे नाव आज ओळखीचे आहे. त्याआधी हा माणूस कापूस आणि कापडाचा हिशेब लावत जपान्यांसमोर बसला होता, हे फारसे कोणाला आठवत नाही.

इकडे मुंबईत, २८ ऑक्टोबर १९३३ रोजी, क्लेअर-लीस आणि मुंबई गिरणीमालक संघाचे अध्यक्ष होमी मोदी यांनी करार केला. आपल्या धंद्याला वाजवी संरक्षण देण्याचा हिंदुस्थानचा हक्क लँकेशायरने मान्य केला. ब्रिटिश मालापेक्षा इतर परदेशी मालाविरुद्ध जास्त संरक्षण लागते, हे मोदींनी मान्य केले. सरकारची तिजोरी सावरल्यावर १९३१ मध्ये आयात मालावर बसवलेला जादा अधिभार ब्रिटिश कापडावरून उतरला तर हरकत घ्यायची नाही, असेही ठरले. बदल्यात लँकेशायर हिंदुस्थानी रुईचा वापर वाढवणार होते.

देशात संताप उसळला. अहमदाबादच्या मालकांनी करार झिडकारला आणि राष्ट्रीय वृत्तीच्या लोकांना तर तो विश्वासघात वाटला. विदेशी कापडाच्या होळ्या ताज्या असताना लँकेशायरला सवलत कोण सहन करणार? तो राग रास्तच होता. मोदींच्या हाती लागली ती मुख्यतः वचने, आणि वचन देणाऱ्याचा इतिहास चांगला नव्हता. तरीही १८९६ चा अबकारी कर लादायला लावणाऱ्यांनी मुंबईत येऊन संरक्षणाचा हक्क लेखी कबूल करावा, ही गोष्ट लहान नाही. विदेशी कापडावरच्या बहिष्काराच्या आंदोलनाने लँकेशायरला जेरीस आणले होते, जपानने त्याला टेबलापाशी बसवले. मोदींनी त्या घटकेचा फायदा घेतला, पण किंमत जरा जास्तच मोजली.

जपानशी तडजोड जानेवारी १९३४ मध्ये झाली. जपानने १० लाख गाठी रुई घ्यायची आणि साडेबत्तीस कोटी वार कापड पाठवायचे; रुई १५ लाख गाठींपर्यंत नेली तर कापड ४० कोटी वारांपर्यंत. कर ७५ वरून ५० टक्क्यांवर आला. शेतकऱ्याच्या गाठीला विणकराच्या वाराशी असे उघडपणे बांधून टाकले गेले. कामगार मात्र या हिशेबात कुठेच नव्हता. त्याची मजुरी कापली जात होती, आणि एप्रिल १९३४ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप पेटला.

त्याच वसंतात लंडनमध्ये ब्रिटिश आणि जपानी गिरणीमालकांची बोलणी फिसकटली. ७ मे रोजी ब्रिटनचे व्यापारमंत्री वॉल्टर रन्सिमन यांनी वसाहतींत जपानी कापडावर कोटा लावत असल्याचे जाहीर केले. चर्चा करायची, आणि ती जमली नाही तर वार मोजून दार लावायचे, ही रीत तेव्हा पडली.

दुसऱ्या महायुद्धानंतर रीत तीच राहिली, बाजू बदलल्या. आता हिंदुस्थानी कापडही पश्चिमेला नकोसे झाले. लँकेशायरने हाँगकाँग, भारत आणि पाकिस्तान यांच्याकडून निर्यातीवर स्वेच्छेची म्हणवलेली मर्यादा मिळवली. १९६१ मध्ये अमेरिकेच्या पुढाकाराने सुती कापडाचा आंतरराष्ट्रीय करार झाला, १९६२ मध्ये त्याचा दीर्घ मुदतीचा अवतार आला आणि १९७४ मध्ये लोकर व कृत्रिम धाग्यांनाही त्यात ओढणारी बहुधागा व्यवस्था. केवळ एका वर्षासाठी म्हणून सुरू झालेली कोट्याची ही तजवीज १ जानेवारी २००५ रोजी संपली.