ओरखड्याचा इतिहास : मोसच्या खनिजांपासून नॅनोमीटरच्या लेपापर्यंत

काय कठीण आणि काय मऊ, हे ठरविण्याचा फार जुना उपाय म्हणजे एका वस्तूने दुसरीवर ओरखडा काढून पाहणे. काही दगड लोखंडाने कोरता येतात, काही येत नाहीत, ही नोंद ग्रीक विद्वान थिओफ्रास्टस यांच्या पाषाणविषयक ग्रंथातही सापडते. १८१२ मध्ये फ्रीडरिख मोस यांनी या युक्तीला क्रम दिला. दहा खनिजे निवडली. तळाशी शंखजिरे, शिखरावर हिरा. नवव्या स्थानावरचा कुरुंद आपल्या ओळखीचा आहे, कारण 'कोरंडम' हे युरोपीय नाव मुळात दक्षिण भारतातूनच तिकडे गेले.

मोस यांची श्रेणी क्रम सांगते, अंतर सांगत नाही. हिरा कुरुंदाच्या जवळपास चौपट कठीण आहे, तरी श्रेणीत दोघांमध्ये एकाच पायरीचे अंतर.

पुढे पोलादाच्या कारखान्यांना आकडा हवा होता. १९०० मध्ये स्वीडनचे योहान ब्रिनेल यांनी धातूत कठीण गोळी दाबून उमटलेला खळगा मोजण्याची पद्धत मांडली. १९२०च्या दशकात व्हिकर्स पद्धतीत गोळीच्या जागी हिऱ्याचा चौकोनी मनोरा आला. खळग्याचे गणित सोपे असते. ओरखडा मागे पडला.

त्याला परत आणले ते पातळ लेपांनी. निर्वात पात्रात धातूची वाफ करून काचेवर बसविलेला थर केसाहून कितीतरी पातळ असतो. त्यावर व्हिकर्सचे टोक दाबणे म्हणजे गादीवर अंथरलेल्या चादरीवर बोट दाबणे : दबते ती गादी, आणि आपण म्हणतो चादर मऊ आहे. म्हणून टोक थराच्या जाडीच्या दशांशाहून खोल जाऊ नये, असा ढोबळ नियम पडला. १०० नॅनोमीटरच्या थराला मग फक्त १० नॅनोमीटरची मुभा.

१९५० मध्ये हेव्हन्स यांनी लेप काचेला किती घट्ट धरून आहे हे पाहण्यासाठी ओरखड्याचा वापर केला. १९६० मध्ये बेंजामिन आणि वीव्हर यांनी त्याला सिद्धान्ताची जोड दिली. टोकावरचा भार वाढवत जायचे. ज्या भाराला लेप निघून स्वच्छ पारदर्शक रेघ उमटते, तो क्रांतिक भार. सोने काचेला सैल धरते, ऑक्सिजनशी सहज संयोग पावणारे धातू घट्ट धरतात, हे अशा प्रयोगांतून दिसले. परंतु १९७० मध्ये आक्षेप आला : स्वच्छ दिसणाऱ्या रेघेतही लेपाचा पातळ पापुद्रा उरलेला असू शकतो, आणि रेघ नसतानाही लेप सुटलेला असू शकतो. आक्षेप रास्त होता. डोळ्यांनी पाहून भागणार नव्हते.

तोवर सोव्हिएत संघात बेर्कोविच यांचे तीन बाजूंचे टोक तयार होते. चार पृष्ठे घासताना नेमक्या एका बिंदूत क्वचितच मिळतात, घराच्या आढ्यासारखी बारीक कड राहते. तीन पृष्ठांना मात्र बिंदूत मिळण्यावाचून गत्यंतर नसते. १९८३ मध्ये पेथिका, हचिंग्ज आणि ऑलिव्हर यांनी २० नॅनोमीटर इतक्या उथळ खोलीवरचे काठिण्य मोजले. १९८६ मध्ये आण्विक बल सूक्ष्मदर्शक आला आणि अणुरेणूंच्या पातळीवरचे पृष्ठभाग 'चाचपडता' येऊ लागले.

नॅनो-ओरखड्याची आजची रीत यांतूनच घडली. टोक आधी अगदी हलक्या भाराने पृष्ठभागावरून फिरते, मग भार देऊन ओरखडते, मग पुन्हा हलकेच फिरून मागे उरलेली खोली वाचते. मायक्रोन्यूटनमधले भार असतात. एक मायक्रोन्यूटन म्हणजे एका मिलिग्रॅमच्या दशांशाचे वजन. भाराला ओरखड्याच्या रुंदीवरून काढलेल्या क्षेत्रफळाने भागले की काठिण्य मिळते. मात्र सरकत्या टोकाचा पुढचा अर्धाच भाग पदार्थाला टेकलेला असतो, हे हिशेबात धरावे लागते.

या खटाटोपाचे एक मोठे गिऱ्हाईक होते संगणकाची हार्ड डिस्क. तिच्या चुंबकीय थरावर हिऱ्यासदृश कार्बनचे काही नॅनोमीटरचे कवच असते, आणि वाचणारे शीर्ष त्यावरून काही नॅनोमीटर उंचीने धावते. कवचाला ओरखडा गेला, तर त्याखालची नोंद जाते.

एक अडचण मात्र मोस यांच्या काळाइतकीच जुनी आहे. ओरखडणारे टोकही झिजते, आणि बोथट टोक खोटा आकडा देते. म्हणून १९९२ मध्ये ऑलिव्हर आणि फार यांच्या पद्धतीने रूढ केलेली सवय आजही पाळली जाते : टोकाचा आकार आधी वितळलेल्या सिलिकेवर पारखून घ्यायचा. मोस यांच्या श्रेणीतल्या सातव्या खनिजाचे, क्वार्ट्झचे, हे काचरूप.