खर्जाचे वाद्य आणि त्याची निगा : विद्युत् बास गिटारच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रकरण

वाद्यांचा इतिहास लिहिण्याच्या दोन रीती आजवर रूढ आहेत. एक रीत निर्मात्यांच्या अंगाने जाते व अमुक वाद्य कोणी, केव्हा आणि कोठे घडविले याची नोंद करते. दुसरी वादकांच्या अंगाने जाते आणि त्या वाद्यावर कोणी काय वाजविले याचे गुणवर्णन करते. या दोहोंच्या मध्ये एक मोठा भूभाग नांगरावाचून पडून राहिला आहे. कारखान्यातून बाहेर पडलेले वाद्य कोणीतरी पारखून विकत घेतो, आपल्या हाताला जुळवून घेतो आणि पुढे वर्षानुवर्षे त्याची निगा राखतो, अथवा राखत नाही. या मधल्या व्यवहाराकडे दुय्यम बाब म्हणून पाहण्याची आपली सवय आहे. विद्युत् बास गिटार या वाद्यापुरते तरी हे मत सोडून द्यावे लागते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

पाश्चात्त्य वाद्यवृंदात खर्जाची बाजू दीर्घकाळ डबल बास या वाद्याने सांभाळली. माणसाच्या उंचीहून मोठे असलेले हे वाद्य उभे धरून वाजवावे लागते. त्याच्या दांडीवर पडदे नसतात. त्यामुळे स्वर नेमका लागणे हे सर्वस्वी वादकाच्या डाव्या हातावर आणि कानावर अवलंबून असते. वाद्याची अंतर्गत जुळवणी मात्र कारागिराकडे असे. घोडीची उंची किंवा पोटातील आधारकाठीची जागा बदलावयाची झाल्यास वादक ते वाद्य जाणत्या कारागिराच्या हाती देई. आपल्याकडे तंबोऱ्याची जवारी काढण्यासाठी मिरजेच्या कारागिराकडे जावे, तशातलाच हा प्रकार होय. सारांश, स्वराची जबाबदारी वादकाची आणि वाद्याची जबाबदारी कारागिराची, अशी ही वाटणी होती.

ही वाटणी मोडण्याचे प्रयत्न १९३० नंतरच्या दशकात सुरू झाले. नृत्यसंगीताचे वृंद मोठे झाले, तालवाद्ये व तुताऱ्या यांच्या आवाजात डबल बास ऐकू येईना, आणि गावोगाव फिरणाऱ्या वादकांना ते अवजड वाद्य गाडीतून नेणेही कठीण होऊ लागले. अमेरिकेतील सिएटल येथे पॉल टटमार्क यांनी १९३६ च्या सुमारास ऑडिओव्हॉक्स या नावाखाली पडदे असलेले, भरीव लाकडाचे, आडवे धरून वाजविण्याचे विद्युत् बास वाद्य विक्रीस आणले. कल्पना योग्य असूनही त्या वाद्याचा प्रसार झाला नाही. त्यानंतर दीड दशकाने, १९५१ मध्ये, कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी आपले ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणले आणि त्यातून एक नवी वाद्यजाती रूढ झाली.

फेंडर हे वादक नव्हते, किंवा वाद्यकारांच्या परंपरेत वाढलेले कारागीरही नव्हते. त्यांचा मूळ व्यवसाय रेडिओ-दुरुस्तीचा. ही गोष्ट चरित्रातील केवळ एक गमतीचा तपशील म्हणून सोडून देण्याजोगी नाही. दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने वस्तू म्हणजे सुट्या भागांची जुळणी असते, आणि कोणताही भाग उघडता, तपासता व बदलता आला पाहिजे ही त्याची पहिली अपेक्षा असते. फेंडर यांच्या वाद्यात दांडी सरसाने चिकटविलेली नव्हती. ती चार स्क्रूंनी धडाला जोडलेली होती. तारेची मोकळी लांबी ३४ इंच ठेवली होती, आणि डबल बासप्रमाणेच चार तारा खालून ई, ए, डी, जी या स्वरांत लावल्या जात. सर्वांत खालच्या तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ४१ इतकी. दांडीवर धातूचे पडदे असल्यामुळे स्वर अचूक लागेल, असे आश्वासन वाद्याच्या नावातच गोवलेले होते. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, हा खर्ज पेलण्यासाठी ‘बासमन’ हा स्वतंत्र ध्वनिवर्धकही फेंडर यांनी काढला.

२

अचूकतेचे हे आश्वासन कितपत खरे होते? पडद्यामुळे स्वराचे स्थान निश्चित होते हे खरे. तथापि तार पडद्यावर दाबली की ती किंचित ताणली जाते आणि स्वर थोडा चढतो. तार जितकी जाड व पडद्यापासून जितकी उंच, तितका हा चढ अधिक. त्याची भरपाई करण्यासाठी घोडीवरील टेकू मागे सरकवून तारेची लांबी थोडी वाढवावी लागते. याची कसोटी सोपी आहे. बाराव्या पडद्यावर बोट केवळ अलगद टेकवून काढलेला स्वर आणि त्याच पडद्यावर तार दाबून काढलेला स्वर हे दोन्ही एक आले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा आल्यास टेकू मागे न्यावा, उतरलेला आल्यास पुढे आणावा.

आपल्या सतारीशी तुलना केली असता या वाद्याचे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होते. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. वादक ते सरकवून स्वर साधून घेतो. बास गिटारचे पडदे लाकडात कायमचे ठोकलेले असतात, म्हणून जी दुरुस्ती सतारीत पडद्यापाशी होते ती येथे घोडीपाशी करावी लागते. १९५१ च्या मूळ रचनेत मात्र घोडीवर चार तारांसाठी दोनच टेकू होते. एकाच टेकूवर जाड व बारीक अशा दोन तारा असल्यामुळे एकीचा स्वर पूर्ण जुळविला की दुसरीचा थोडा बिघडे. ‘प्रिसिजन’ असे नाव धारण करणाऱ्या वाद्यात अचूकता ही अशी तडजोडीची होती. १९५७ मध्ये प्रत्येक तारेस स्वतंत्र टेकू देण्यात आला. त्याच वर्षी दोन भागांत विभागलेला नवा पिकअप बसवून विजेची गुणगुण कमी करण्यात आली.

दुसरा प्रश्न दांडीचा. चार तारांचा मिळून ताण दीडशे पौंडांहून अधिक असतो, आणि त्या ताणाखाली लाकडी दांडी पुढे झुकू पाहते. हे रोखण्यासाठी दांडीच्या पोटात पोलादी सळई बसविलेली असते. तिला ट्रस रॉड म्हणतात. तारेचा कंप मध्यभागी सर्वाधिक रुंद असल्यामुळे दांडीला अगदी थोडा खोलगटपणा हवाच असतो. तो नाहीसा झाला तर तारा पडद्यांवर खडखडतात, आणि वाढला तर तारा उंच होऊन बोटांना श्रम पडतात. लाकूड दमट हवेत फुगते व कोरड्या हवेत आकसते, म्हणून पावसाळ्यात साधलेली जुळवणी हिवाळ्यात तशीच राहील याची शाश्वती नसते. फेंडर यांच्या त्या काळच्या वाद्यांत ही सळई फिरविण्याचे टोक धडाच्या बाजूस होते. त्यामुळे तारा सैल करून व दांडीचे स्क्रू काढून, अंदाजाने थोडे फिरवून, पुन्हा सर्व जोडून पाहावे लागे.

या तपशिलाचा ऐतिहासिक अर्थ असा की, डबल बासमध्ये जी अचूकता वादक प्रत्येक स्वरागणिक नव्याने निर्माण करीत होता, ती आता आगाऊ वाद्यात साठवून ठेवण्यात आली. साठविलेली वस्तू कालांतराने खराब होते, त्याप्रमाणे ही अचूकताही झिजते, सरकते आणि पुन्हा पुन्हा भरून काढावी लागते. स्वराची जबाबदारी हातावरून कमी झाली, परंतु तेवढ्यापुरती ती निगेवर येऊन पडली. स्क्रू फिरविण्याचे साधन वादकाच्या हाती आल्यामुळे कारागीर व वादक यांच्यातील जुनी सीमारेषाही पुसट झाली.

३

खरेदीच्या बाबतीतही असेच म्हणावे लागेल. कोणते वाद्य घ्यावे याचा निर्णय केवळ गुणावर होत नसे. किंमत, उपलब्धता व आयातीचे नियम यांचा त्यात मोठा वाटा असे. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हाम्बुर्ग येथे जर्मन बनावटीचे हॉफ्नर बास घेतले, त्याची किंमत त्यांच्या सांगण्याप्रमाणे सुमारे ३० पौंड होती. फेंडरचे वाद्य त्यांच्या ऐपतीबाहेरचे होते. शिवाय हॉफ्नरचा आकार व्हायोलिनसारखा दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे डावखुऱ्या वादकाच्या हाती ते विचित्र दिसत नसे. ज्या पोकळ, मऊ खर्जाशी पुढे बीटल्स या वृंदाचे नाव जोडले गेले, त्याच्या मुळाशी अशी ही व्यवहारी निवड होती.

जॉन एन्ट्विसल यांचा अनुभव याहून बोलका आहे. ‘माय जनरेशन’ या १९६५ च्या गीतातील बासच्या एकल वादनासाठी त्यांना डॅनइलेक्ट्रो वाद्याच्या तारांचा झणझणीत ध्वनी हवा होता. त्या तारा तुटत, आणि सुट्या मिळत नसत. म्हणून एका तारेपायी नवे वाद्यच पुन्हा विकत घ्यावे लागले, असे त्यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले. अखेरीस ध्वनिमुद्रण दुसऱ्याच वाद्यावर झाले. तारांचा पुरवठा ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट संगीताच्या रूपाला कशी वळण देते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

भारतातील परिस्थिती या दृष्टीने स्वतंत्र अभ्यासास योग्य आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात हे वाद्य स्थिरावले. राहुलदेव बर्मन यांच्या वृंदातील टोनी वाझ यांचे नाव या संदर्भात आदराने घेतले जाते. १९९१ पूर्वीच्या आयातनिर्बंधांच्या काळात परदेशी वाद्यच नव्हे, तर तारांचा एक संचही जपून वापरावा लागणे स्वाभाविक होते. समुद्रकाठच्या दमट हवेत लाकूड व लोखंड यांची निगा हा प्रश्न तर आजही कायम आहे.

४

येथवरच्या विवेचनावरून असा समज होण्याचा संभव आहे की, जितकी निगा चोख तितके वादन श्रेष्ठ. इतिहास मात्र या सरळ निष्कर्षाला दुजोरा देत नाही. डेट्रॉइट येथील मोटाउन संस्थेच्या असंख्य ध्वनिमुद्रणांत बास वाजविणारे जेम्स जेमर्सन यांचे उदाहरण पाहावे. ते मूळचे डबल बासचे वादक. त्यांच्या १९६२ च्या प्रिसिजन बासवर जाड, सपाट पट्टीने वेटाळलेल्या तारा होत्या. त्या पडद्यांपासून बऱ्याच उंच ठेवलेल्या असत, आणि तुटल्यावाचून ते त्या सहसा बदलीत नसत. घोडीवरील झाकणाखाली स्पंजाचा तुकडा असल्यामुळे स्वर लांबत नसे. कोणत्याही जुळवणी-पुस्तिकेच्या कसोटीवर हे वाद्य नापास झाले असते. तथापि जुनाट तारांचा मंद, गोळीबंद आघात हाच त्या संगीताचा पाया ठरला. डबल बासवर तयार झालेल्या हाताने नव्या यंत्राला आपल्या जुन्या वाद्याच्या वळणावर आणले, असे म्हणणे वावगे होणार नाही.

दुसऱ्या दिशेची उदाहरणेही आहेत. बिल वायमन यांनी १९६१ मध्ये एका स्वस्त वाद्याचे झिजलेले पडदे नवे बसविण्याच्या हेतूने काढले. पडद्यांवाचून येणारा ध्वनी त्यांना आवडला आणि दुरुस्ती अर्धीच राहिली. जॅको पास्टोरियस यांनी पडदे काढलेल्या आपल्या १९६२ च्या जॅझ बासच्या दांडीवर नौकांसाठी वापरले जाणारे इपॉक्सी चढविले. गोल तारेने वेटाळलेल्या खरबरीत तारांनी लाकूड झिजू नये, हा त्यामागील उघड हेतू. लाकडाच्या संरक्षणासाठी केलेल्या या लेपाने स्वरालाही कठीण, गाणारी झळाळी आली, आणि १९७६ च्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेपासून ती एका संपूर्ण पिढीचा आदर्श बनली. ज्या पडद्यांसाठी हे वाद्य जन्मास आले, तेच काढून टाकून ते पुन्हा कानाच्या व हाताच्या स्वाधीन झाले, ही घटना विचारप्रवर्तक आहे.

५

जानेवारी १९६५ मध्ये फेंडर यांचा व्यवसाय सीबीएस या कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतला. पुढे या तारखेपूर्वीची वाद्ये श्रेष्ठ होत, असा समज दृढ झाला व त्यांच्या किमती चढत गेल्या. जुने वाद्य घेणारा आज दांडीच्या टोकावरील दिनांक, विद्युत् भागांवरील सांकेतिक आकडे आणि स्क्रूंच्या खुणा तपासून सर्व भाग मूळचे आहेत काय हे पाहतो. बदललेला भाग म्हणजे उणीव, असे या बाजाराचे गणित आहे.

संशोधकाने हे गणित जसेच्या तसे स्वीकारावे काय? जे वाद्य कधी उघडले गेले नाही, ज्याच्या तारा, पडदे व घोडी अस्पर्श राहिली, ते बहुधा फारसे वाजविलेही गेले नसावे. ते कारखान्याच्या इतिहासाचे साधन आहे; संगीताच्या इतिहासाचे साधन होण्यासाठी वाद्यावर वापराच्या खुणा असाव्या लागतात. मॅकार्टनी यांचे १९६१ चे हॉफ्नर १९७२ मध्ये लंडन येथे चोरीस गेले व सापडल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. त्या वाद्यास १९६४ च्या सुमारास पुन्हा रंग देण्यात आला होता आणि त्याचे पिकअप एका लाकडी चौकटीत बसविले होते. दुरुस्तीच्या या खुणांमुळेच ते आपल्या जातीच्या इतर वाद्यांहून वेगळे ओळखता येते. याउलट जेमर्सन यांचे वाद्य १९८३ मध्ये, त्यांच्या मृत्यूपूर्वी थोडेच दिवस, चोरीस गेले. ते एखाद्या संग्राहकाच्या हाती पडून नव्या तारांनी व नेमक्या जुळवणीने सज्ज झाले असेल, तर त्यातील महत्त्वाचा पुरावा तेवढ्यानेच नष्ट झाला असे मानावे लागेल.

म्हणून वाद्यसंग्रहालयांनी व अभ्यासकांनी वाद्याची नोंद करताना निर्मात्याचे नाव व वर्ष एवढ्यावर थांबू नये. तारा कोणत्या जातीच्या व किती जुन्या, त्यांची पडद्यांपासून उंची किती, टेकू कोठे ठेवलेले, पडदे कोणत्या जागी अधिक झिजलेले, कोणते भाग केव्हा व कोणी बदललेले, याची मोजमापांसह नोंद व्हावी, आणि तीही साफसफाईस हात घालण्यापूर्वी व्हावी. आपल्याकडील जुन्या सतारी, तंबोरे व चित्रपट-वृंदांतील वाद्ये यांनाही हीच पद्धती लागू पडेल. ही वाद्ये हाताळणारे कारागीर व वादक हयात आहेत तोवर हे काम हाती घेणे अगत्याचे आहे.