सीडी १९ म्हणजे काय गं, मावशी?

भाचीनं हा प्रश्न मला परळला, टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर विचारला होता. हातात तिच्या सहा वर्षांच्या मुलाचा रिपोर्ट. ल्युकेमिया आहे हे आधीच कळलं होतं, कोणत्या प्रकारचा ते या कागदावर होतं. सीडी १९ पॉझिटिव्ह, सीडी १० पॉझिटिव्ह, सीडी ३ निगेटिव्ह... मी मराठी माध्यमातून बी. ए. झालेली, जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेली बाई. मी काय सांगणार, कपाळ! "डॉक्टरांना विचारू" एवढंच म्हणाले. पण प्रश्न डोक्यातून जाईना. मग जुन्या सवयीनं त्याचा इतिहासच शोधत बसले.

आणि मंडळी, शोधता शोधता परत परळलाच आले की!

टाटापासून दोन पावलांवर केईएम. तिथल्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली 'लॅन्सेट'मध्ये एका नव्या रक्तगटाची माहिती छापली. रक्तगट कसा ओळखतात ते शाळेत शिकलो होतो, पण नीट कळलं ते आत्ता. तांबड्या पेशीवर 'ए' किंवा 'बी' नावाची खूण असते. त्या खुणेला चिकटणारी अँटिबॉडी थेंबभर घातली की पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात. गुठळी झाली तर खूण आहे, नाही झाली तर नाही. दोन्हींनी गुठळी नाही झाली तर 'ओ'. सोपं. पण या लोकांचं रक्त 'ओ'सारखं वागायचं आणि तरी त्यांना 'ओ' रक्त चालायचं नाही! कारण 'ए' आणि 'बी' ज्या पायावर उभ्या राहतात ती 'एच' नावाची खूणच त्यांच्या पेशींवर नव्हती. 'ओ'वाल्यांकडे ती असते. त्यामुळे यांच्या शरीराला 'ओ' रक्तसुद्धा परकं. अशा माणसाला फक्त त्याच्यासारख्याचंच रक्त चालतं. याला नाव पडलं 'बॉम्बे ब्लड ग्रुप'. शहराचं नाव १९९५ साली मुंबई झालं, रक्तगटाचं मात्र कुणी बदललं नाही.

हे सगळं कशासाठी सांगतेय? भाचीच्या हातातल्या कागदामागे हीच युक्ती होती म्हणून. पेशीकडे नुसतं बघून ओळख पटत नाही, तिला काय चिकटतं ते बघायचं.

फरक इतकाच की पांढऱ्या पेशींच्या खुणा दोन-तीन नसून शेकड्यांनी आहेत, आणि तिथे गुठळ्या बघून भागत नाही. त्यावर तोड निघाली हार्वर्डमध्ये. आल्बर्ट कून्स या डॉक्टरनं अँटिबॉडीलाच चमकणारा रंग जोडला. साल १९४१. टाटा रुग्णालय सुरू झालं तेही १९४१ सालीच, २८ फेब्रुवारीला. (इतिहासाच्या शिक्षिकेला असले योगायोग फार आवडतात, चालवून घ्या.) पुढे स्टॅनफर्डच्या लेनर्ड हर्झेनबर्ग यांच्या गटानं असं यंत्र बनवलं, की रंग लावलेल्या पेशी पाण्याच्या बारीक धारेतून एकेक करून लेसरसमोरून जातात आणि कोणती पेशी कोणत्या रंगात चमकली ते मोजलं जातं. सेकंदाला हजारो पेशी! हीच फ्लो सायटोमेट्री.

पण दर वेळी तंतोतंत तीच अँटिबॉडी आणायची कुठून? ते कोडं १९७५ साली केंब्रिजमध्ये क्योलर आणि मिल्स्टाइन यांनी सोडवलं. अँटिबॉडी करणारी उंदराची पेशी त्यांनी कॅन्सरच्या न मरणाऱ्या पेशीशी जोडली. मग एकाच जातीची अँटिबॉडी हवी तेवढी मिळू लागली. त्या शोधाचं पेटंट घेतलंच गेलं नाही, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांना ती पद्धत मोकळी झाली. १९८४ साली दोघांना नोबेल मिळालं. त्याआधीच, ही पद्धत हाती आल्यावर प्रत्येकजण आपापली नावं द्यायला लागला होता आणि गोंधळ झाला होता, तेव्हा १९८२ साली पॅरिसच्या बैठकीपासून खुणांना 'सीडी' आणि नंबर देण्याची पद्धत पडली. आमच्या शाळेच्या हजेरीपटासारखं! सीडी १९ हा 'बी' जातीच्या पेशींचा नंबर, सीडी ३ 'टी' जातीच्या.

आता कागद वाचता आला. मुलाचा आजार 'बी' पेशींचा होता. आमच्या लहानपणी 'ब्लड कॅन्सर' एवढा एकच शब्द होता, आणि तो कानावर पडला की घरातले आवाज खाली यायचे. दुर्बिणीखाली 'बी' आणि 'टी'च्या कोवळ्या पेशी जवळजवळ सारख्याच दिसतात, उपचार मात्र सारखे नसतात.

पुढे एक बातमी वाचली. आयआयटी मुंबई आणि टाटा यांनी मिळून केलेल्या नेक्सकार१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. रुग्णाच्याच 'टी' पेशी बाहेर काढून त्यांना सीडी १९ ओळखायला शिकवतात आणि परत शरीरात सोडतात. म्हणजे जी खूण ओळखीसाठी वापरत होते, तीच आता नेमाचं निशाण झाली.

आमच्या पोराला त्याची गरज पडली नाही. साध्या औषधांवरच निभावलं, दोन-अडीच वर्षं परळच्या फेऱ्या झाल्या इतकंच. परवा भाचीला फोनवर हे सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मावशी, तो कागद अजून आहे माझ्याकडे. येशील तेव्हा परत एकदा वाचून दाखव."