ही 'मिस किम' कोण?

मंडळी, अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहत असाल तर नर्सरीत 'मिस किम' अशी चिठ्ठी लावलेली लायलॅकची कुंडी पाहिली असेलच. मुलांनी "ही किम कोण?" विचारलं, तर हा इतिहास नक्की सांगा.

साल 1947. जपानची सत्ता जाऊन दोन वर्षं झालेली, दक्षिण कोरियात अमेरिकी लष्कराचं प्रशासन. तिथे शेतीचं काम पाहणारे एल्विन मीडर सोलजवळच्या पुखान डोंगरावर गेले आणि एका रानटी लायलॅकच्या थोड्या बिया घेऊन आले. न्यू हॅम्पशायर विद्यापीठात त्यातून एक बुटकं, गच्च आणि सुवासिक झुडूप निघालं. 1954 मध्ये ते 'मिस किम' नावानं लागवडीसाठी खुलं झालं. किम हे कोरियातलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव!

पुढे कोरियालाच हे रोप बाहेरून विकत घ्यावं लागलं.

आपली हळद यातून वाचली. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या सीएसआयआरनं जुने लेखी पुरावे मांडले, म्हणून 1997 मध्ये तिचं अमेरिकी पेटंट रद्द झालं. हिशेबात असो वा इतिहासात, नोंद असेल तरच हक्क सांगता येतो.

तुमच्याकडे कडक थंडी आणि भरपूर ऊन असेल तर हे झुडूप जरूर लावा. छाटणी फुलं सरल्यावर लगेच करा, कारण पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात. आणि मुलांकडून पाटी लिहून घ्या: 'मिस किम, मूळ गाव पुखान डोंगर, कोरिया.'