शेळीच्या दुधाची पळवाट

१९१४ मध्ये लंडनला गोपाळ कृष्ण गोखले गांधींच्या खाण्यावर वैतागले होते. गांधींना प्लूरसी झाली होती आणि आहार काय, तर शेंगदाणे, केळी, लिंबू, टोमॅटो, द्राक्षं, ऑलिव्ह तेल. डॉ. जीवराज मेहता म्हणाले, दूध आणि धान्य घ्या. गोखल्यांनीही तोच धोशा लावला. ते स्वतः मधुमेहाने खंगलेले. गांधींनी विचाराला चोवीस तास मागून घेतले आणि कळवलं, बाकी डॉक्टर सांगतील ते करेन. दूध, दुधाचे पदार्थ आणि मांस मात्र नाही.

दूध सोडून तेव्हा दोन वर्षं झाली होती. १९१२ मध्ये टॉल्स्टॉय फार्मवर कालेनबाख आणि त्यांनी मिळून ते सोडलं. दुधाने विकार वाढतात ही समजूत होतीच, शिवाय कलकत्त्याचे गवळी गाईम्हशींवर फुंक्याचे अघोरी प्रकार करतात हे वाचनात आलं होतं. आज ज्याला आपण व्हीगन म्हणतो त्या आहाराची ही कारणं आजच्यापेक्षा फार वेगळी नाहीत. प्राण्याचा छळ हे तर अगदी तेच.

मग १९१८. खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करताना मुख्यतः शेंगदाण्याचा लगदा आणि लिंबू एवढ्यावर ते राहिले आणि ऑगस्टमध्ये आमांशाने अंथरुणाला खिळले. हवापालटासाठी माथेरानला नेलं, तर तिथलं पाणी जड. आमांशामुळे गुदद्वाराशी चिरा पडलेल्या, शौच म्हणजे यातना. आठवड्याच्या आतच ते डोंगर उतरले. मुंबईत डॉ. दलालांनी तपासलं आणि सांगितलं, दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही. गांधी म्हणाले, इंजेक्शनं द्या, दुधाचं व्रत आहे. व्रत घेताना डोळ्यांसमोर काय होतं? गाय आणि म्हैस. शेजारी उभ्या असलेल्या कस्तुरबांनी हे ऐकलं आणि विचारलं, मग शेळीच्या दुधाला काय हरकत?

गांधी नमले. व्रताचा शब्द राहिला आणि आत्मा गेला, ही टोचणी त्यांनी आत्मकथेत लपवलेली नाही. जानेवारी १९१९ मध्ये शस्त्रक्रिया झाली, हळूहळू प्रकृती सुधारली, आणि पुढे रौलट कायद्याविरुद्धचा सत्याग्रह उभा राहिला.

यावरून ‘बघा, दुधाशिवाय चालत नाही’ असं म्हणणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. त्यांना पाडलं आमांशाने आणि अपुऱ्या खाण्याने. वरणभात, भाकरी, उसळ यांवर राहून दूध सोडणं आणि शेंगदाणे-लिंबांवर राहून सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पण उलट बाजूचा पुरावाही लंगडाच. सहा वर्षं दुधाशिवाय काढली, हे खरं. मात्र बी-१२ जीवनसत्त्वाचा साठा यकृतात काही वर्षं पुरेल इतका असतो, आणि गांधींनी दूध सोडलं ते चाळिशी ओलांडल्यावर. सहा वर्षांचा प्रयोग म्हणजे कदाचित जुन्या शिलकीवर चाललेला संसार. आणखी एक गंमत: शेळीच्या दुधात बी-१२ आणि फोलेट दोन्ही गाईच्या दुधाच्या मानाने फारच कमी. म्हणजे त्या दुधाने त्यांना दिलं असेल ते मुख्यतः प्रथिनं आणि ताकद.

याच मुंबईत १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा ती शोध घेत होती. यीस्टचा अर्क, म्हणजे साधं मार्माइट दिल्यावर त्यातल्या अनेकजणी सुधारल्या. त्यातलं द्रव्य पुढे फोलेट म्हणून ओळखलं गेलं. ते पालेभाज्यांत, डाळींत भरपूर. बी-१२ मात्र वनस्पतींत भरवशाचं नाहीच. आणि नुसतं फोलेट घेतलं तर रक्त सुधारलेलं दिसतं, पण बी-१२ अभावी नसांची झीज आत चालूच राहते. मुंग्या येतात, चालताना तोल जातो, तोवर बराच उशीर झालेला असतो.

दुधाइतकं पौष्टिक, पचायला हलकं असं वनस्पतीतलं काही मिळेल का, हे गांधी डॉक्टर, वैद्य, हकीम सगळ्यांना विचारत राहिले. कुणाकडेच उत्तर नव्हतं. शेळीची वाट दाखवणाऱ्या कस्तुरबा फेब्रुवारी १९४४ मध्ये पुण्यात, आगाखान पॅलेसमध्ये कैदेतच गेल्या. ‘व्हीगन’ हा शब्द इंग्लंडमध्ये तयार झाला तो त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. बी-१२ वेगळं काढल्याची बातमी आली १९४८ च्या एप्रिलमध्ये, गांधी गेल्यावर तीन महिन्यांच्या आत. आज ते जिवाणू वाढवून तयार करतात. त्यासाठी ना गाय लागते, ना शेळी.