रोमची डायनादेवी : शिल्पात आणि पूजेत

डायना हे नाव आपल्या बहुतेक भगिनींना इंग्लंडच्या युवराज्ञीमुळे ठाऊक आहे. ती बिचारी १९९७ साली ३१ ऑगस्टला पॅरिसमध्ये मोटारीच्या अपघातात गेली. तिच्या अंत्यविधीच्या वेळी तिच्या भावाने भाषणात म्हटले की, जिला शिकारीच्या देवतेचे नाव दिले तीच या काळातली सर्वांत जास्त शिकार झालेली व्यक्ती ठरली. ही शिकारीची देवता कोण, तिला कोण पुजत होते आणि काय मागत होते, ते आज थोडक्यात सांगावे म्हणते.

मुंबईच्या हुतात्मा चौकातले फ्लोराचे कारंजे आपण पाहिलेले आहे. फ्लोरा ही प्राचीन रोमन लोकांची फुलांची देवता. डायना तिच्याच देवमंडळातली. रान, रानातली जनावरे, शिकार आणि चंद्र यांची ती देवी. शेजारच्या ग्रीक लोकांची आर्टेमिस नावाची अशीच एक देवी होती. पुढे रोमन लोकांनी आर्टेमिसच्या साऱ्या कथा आपल्या डायनाच्या नावावर सांगितल्या आणि दोघी एकच झाल्या.

तिची सर्वांत प्रसिद्ध मूर्ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. मूळ ग्रीक मूर्ती इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातली होती असे मानतात. लूव्रमध्ये आहे ती रोमन काळात केलेली संगमरवरी प्रतिकृती. डायना झपझप चालली आहे. वस्त्र गुडघ्यापर्यंत खोचलेले, पायांत वहाणा, एक हात खांद्यावरून मागे जाऊन भात्यातला बाण काढतो आहे, आणि शेजारी हरिण. ही मूर्ती पोपने १५५६ साली फ्रान्सच्या दुसऱ्या हेन्री राजाला भेट दिली. या राजाची आवडती स्त्री होती तिचेही नाव डायानच होते. मग काय विचारता! दरबारच्या कलावंतांनी जिकडे तिकडे डायना काढली. राजाच्या मर्जीतल्या बाईची स्तुतीही झाली आणि देवीची मूर्तीही झाली.

त्याच सुमारास व्हेनिसचा थोर चित्रकार टिशियन याने स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजासाठी डायनाची दोन मोठी चित्रे काढली. ती १५५६ ते १५५९ या काळातली. पहिल्यात अ‍ॅक्टिऑन नावाचा शिकारी रानात भटकत येतो आणि डायना सख्यांसह स्नान करीत असताना तिला पाहतो. पुढे ती त्याच्या अंगावर पाणी उडवते, तो हरिण होतो आणि त्याचेच कुत्रे त्याला फाडून टाकतात. दुसरे चित्र कॅलिस्टोचे. ही डायनाची सखी. देवांचा राजा ज्युपिटर याने तिला फसवून भ्रष्ट केले. तिला दिवस राहिले. ती लपवीत होती, पण स्नानाच्या वेळी सख्यांनी तिचे वस्त्र ओढले आणि डायनाने हात लांब करून तिला हाकलून दिले. ब्रिटनमधल्या दोन राष्ट्रीय संग्रहालयांनी मिळून २००९ साली पहिले चित्र पाच कोटी पौंडांना आणि २०१२ साली दुसरे साडेचार कोटी पौंडांना घेतले. चित्रे फार सुंदर आहेत यात शंका नाही. पण कॅलिस्टोचा दोष तो काय? फसवणारा वर स्वर्गात बसला, आणि पोटुशी पोर मात्र रानात एकटी. देवी म्हणावी तर ही कसली देवी, असे कोणाही बाईच्या मनात येईल.

याचे उत्तर राजवाड्यातल्या चित्रांत मिळत नाही. त्यासाठी तिच्या देवळात जावे लागते.

रोम शहरापासून सुमारे तीस किलोमीटरवर डोंगरांत नेमी नावाचे तळे आहे. विझलेल्या ज्वालामुखीच्या खळग्यात पाणी साचून ते झाले. सभोवार दाट रान. तळे इतके नितळ की त्याला लोक डायनाचा आरसा म्हणत. काठावर तिचे मोठे देवस्थान होते. इथला एक रिवाज फार भयंकर होता. इथला पुजारी हा पळून आलेला गुलाम असायचा. दुसऱ्या एखाद्या पळालेल्या गुलामाने तिथल्या एका झाडाची फांदी तोडली की त्याला पुजाऱ्याशी झुंजण्याचा हक्क मिळे. पुजाऱ्याला मारील तो नवा पुजारी! म्हणून पुजारी रात्रंदिवस तलवार घेऊन जागा राही. या एका रिवाजावरून फ्रेझर नावाच्या पंडिताने १८९० साली मोठा ग्रंथ लिहिला, आणि तेव्हापासून नेमी म्हटले की लोकांना तो पुजारीच आठवतो.

पण त्या देवळात येणारी सर्वच माणसे तलवार घेऊन येत नव्हती. ओव्हिड नावाचा रोमन कवी दोन हजार वर्षांपूर्वी होऊन गेला. तो सांगतो की, ज्या बाईचे मागणे देवीने ऐकले ती डोक्याला फुलांची माळ बांधून, हातात पेटती मशाल घेऊन रोमहून तिथवर जाई. देवीच्या रानाच्या कुंपणाला दोरे लोंबत असत आणि नवस फेडल्याच्या पाट्या लावलेल्या असत. वडाला सूत गुंडाळणाऱ्या आपल्याला हे निराळे समजावून सांगायला नको.

देवीचा मोठा दिवस १३ ऑगस्ट. त्या दिवशी रोम शहरातल्या अ‍ॅव्हेंटाइन टेकडीवरच्या डायनाच्या देवळाचाही उत्सव असे. ते देऊळ सर्व्हियस टुलियस राजाने बांधले असे रोमन लोक सांगत. हा राजा एका दासीच्या पोटी जन्मला होता अशी कथा आहे, म्हणून त्या दिवशी सर्व गुलामांना सुट्टी असे. प्लुटार्क नावाचा लेखक आणखी एक गोष्ट सांगतो. त्या दिवशी रोमच्या बायका डोक्यावरून न्हात असत. त्याचा तर्क असा की, दासींना सुट्टी मिळाली की त्या न्हात, आणि त्यांचे पाहून घरंदाज बायकाही न्हाऊ लागल्या. इतिहासाच्या पुस्तकांत लढाया पुष्कळ असतात, पण दासीला निवांत केस धुवायला वर्षाचा एक दिवस मिळत होता हे असे क्वचितच वाचायला मिळते.

आता मुख्य गोष्ट. १८८५ साली इटलीतले इंग्रज राजदूत सॅव्हिल यांनी नेमीच्या देवळाची जागा खणली. तिथे भाजलेल्या मातीच्या वस्तूंचे ढीग निघाले. डायनाच्या छोट्या मूर्ती होत्या, तान्ही बाळे होती, बाळाला घेतलेल्या आया होत्या, आणि मातीच्या गर्भपिशव्याही होत्या! बांद्र्याच्या मोतमाउलीला लोक मेणाचे हात, पाय आणि बाळे वाहतात, तसाच हा प्रकार. ज्याचे दुखणे त्याची प्रतिमा देवापुढे ठेवायची. मूल व्हावे, झालेले जगावे, आणि आपण बाळंतपणातून सुखरूप उठावे, एवढेच त्या बायकांचे मागणे. त्या काळी सुईणीशिवाय आणि देवाशिवाय आधार तो कोणता होता? बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म असे आपल्या आज्या म्हणत, ते उगीच नव्हे.

शिकार करणारी, लग्न न केलेली देवी बाळंतिणीची राखण कशी करील, असे कोणी विचारील. त्याची कथा अशी. तिच्या आईला जुळे होणार होते. आधी ही जन्मली, आणि जन्मताच हिने आईच्या उशापायथ्याशी उभे राहून धाकट्या भावाला, अपोलोला, सुखरूप बाहेर आणले. म्हणजे जगात येऊन हिने पहिले काम केले ते आईच्या सुईणीचे! म्हणून वेणा सुरू झाल्या की रोमन बायका तिला ल्यूसिना या नावानेही हाक मारीत. ल्यूसिना म्हणजे बाळाला उजेडात आणणारी. नेमीला मशाली का नेत असतील ते यावरून मनाला पटते.

हीच देवी आजच्या तुर्कस्तानात इफिसस शहरी आणखी निराळ्या रूपात होती. तिथल्या मूर्तीच्या छातीवर गोल गोल फळांसारख्या वस्तूंच्या रांगा आहेत. कोणी त्यांना स्तन म्हणतात, कोणी अंडी, कोणी आणखी काही. तिचे देऊळ जगातल्या सात आश्चर्यांत गणले जाई. इसवी सनापूर्वी ३५६ साली एका माणसाने केवळ आपले नाव व्हावे म्हणून त्याला आग लावली. लोकांनी ते पुन्हा बांधले. बायबलात कथा आहे की, संत पॉल तिथे उपदेश करू लागला तेव्हा देवीचे चांदीचे देव्हारे विकणारे सोनार चिडले, कारण त्यांचा धंदा बुडत होता.

पुढे ख्रिस्ती धर्म आला आणि चौथ्या शतकाच्या शेवटी रोमच्या बादशहाने जुन्या देवांची पूजा बंद केली. देवळे पडली. पण बायकांच्या मनातून देवी एकदम गेली नाही. इसवी सन ९०६ च्या सुमारास लिहिलेल्या चर्चच्या एका नियमात पाद्र्यांना ताकीद आहे : काही बायका म्हणतात की आम्ही रात्री डायनाबरोबर जनावरांवर बसून दूर दूर फिरतो, ते सैतानाने दाखवलेले स्वप्न समजावे. पूजा बंद होऊन पाचशे वर्षे झाली, तरी दिवसभर राबणाऱ्या बायकांना रात्री स्वप्नात तीच फिरायला नेत होती!

नंतरच्या काळातल्या दोन चित्रांनी मात्र माझे समाधान केले. इटलीत पार्मा गावी ख्रिस्ती जोगिणींचा एक मठ होता. जोव्हाना नावाची त्याची मुख्य बाई मोठी करारी. मठाचा कारभार आपल्याच हाती ठेवण्यासाठी ती वरिष्ठांशी भांडत असे. तिने १५१९ साली कोरेज्जो या चित्रकाराकडून आपल्या खोलीतल्या शेगडीच्या धुरांड्यावर रथात बसलेली डायना काढून घेतली. तिच्या घराण्याच्या चिन्हात चंद्रकोरी होत्या आणि डायनाच्या कपाळीही चंद्रकोर. १५२४ साली मठावर कडक बंधने आली आणि ती खोली दीर्घकाळ बाहेरच्यांच्या दृष्टीआड झाली.

दुसरे चित्र हॉलंडच्या व्हर्मीरचे, सुमारे १६५३–५४ सालचे, हेग शहरातल्या संग्रहालयात असलेले. यात धावपळ नाही, बाण नाही, मेलेले हरिण नाही. डायना अंगभर वस्त्र नेसून दगडावर बसली आहे. कपाळावर लहानशी चंद्रकोर आहे, एवढीच देवपणाची खूण. एक सखी तिचे पाय धूत आहे, जवळ पितळी तस्त आहे. दिवसभराची चाल संपली आणि आता कोणीतरी पायांवर पाणी घालते आहे, असा तो शांत क्षण.

नेमीच्या मातीच्या वस्तूंपैकी पुष्कळशा आता इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या संग्रहालयाकडे आहेत. टिशियनच्या चित्रांना कोटींची किंमत आली. या वस्तू कुंभाराने साच्यातून काढलेल्या, चार पैशांच्या. त्यांवर बायकांची नावे नाहीत. कोणाची कूस उजवली, कोणाचे बाळ जगले, कोण मशाल घेऊन पुन्हा येऊ शकली आणि कोण नाही, हे त्या सांगत नाहीत. पण कवींनी जिच्या तोंडी कॅलिस्टोला हाकलण्याचा शब्द घातला, तिच्याच पायाशी पोटुश्या बायका निर्धास्तपणे जात होत्या, ही साक्ष त्या मातीने दिली. ज्यांना देवीची खरी गरज होती त्यांची देवी अशी होती. डायनाचे चित्र पुढे कधी पाहण्यात आले, तर तिच्या हातातल्या धनुष्याबरोबर ही मशालही आपण आठवावी.