बर्लिनहून सापोरोला : एका विद्येचा प्रवास

मद्याचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडे तो बहुधा व्यसनाच्या अंगानेच चर्चिला जातो. आम्हांला मात्र येथे बिअरकडे एक विद्या म्हणून पाहावयाचे आहे. ती शिकून एका जपानी तरुणाने आयुष्य कसे उभे केले आणि अखेरीस त्याच्या पदरी काय पडले, हा इतिहास मनन करण्याजोगा आहे.

नाकागावा सेइबेई यांचा जन्म १८४८ साली एचिगो प्रांतात झाला. परवानगीवाचून देश सोडणाऱ्यास जपानात तेव्हा देहदंड होता. ही बंदी १८६६ मध्ये उठली. नाकागावा त्याआधीच, १८६५ मध्ये, गुपचूप जहाजावर चढून इंग्लंडला गेले आणि पुढे जर्मनीत पोहोचले. तेथे भेटलेल्या आओकी शुझो यांनी त्यांना बिअर बनविण्याचे शिक्षण घेण्यास सुचविले. हेच आओकी पुढे जपानचे परराष्ट्रमंत्री झाले. १८७३ ते १८७५ या काळात नाकागावा बर्लिनजवळील फ्युर्स्टेनवाल्डे येथील कारखान्यात राबले. सातूला मोड आणून तो भट्टीत वाळविणे, त्याच्या रसात हॉपची फुले उकळणे, थंड तळघरात यीस्ट घालून तो रस आंबविणे, हे सारे त्यांनी हाताने शिकून घेतले.

होक्काइदो बेटावर वस्ती वसविणाऱ्या सरकारी खात्याला तेव्हा अशाच माणसाची निकड होती. प्रयोगाचा कारखाना आधी टोकियोत काढावा, असे ठरत होते. अधिकारी मुराहाशी हिसानारी यांनी मात्र होक्काइदोचाच आग्रह धरला. जर्मन पद्धतीच्या बिअरला थंडी हवी, आणि तेथे बर्फ मुबलक होता. १८७६ च्या सप्टेंबरात सापोरोचा कारखाना उघडला. नाकागावा त्याचे प्रमुख तंत्रज्ञ झाले. पुढील वर्षी त्यांची बिअर विक्रीस आली.

परंतु विद्या एका जागी थांबत नाही. १८७६ मध्येच पाश्चरचा बिअरवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सेनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढविले, आणि हातच्या कसबाला सूक्ष्मदर्शकाची जोड मिळाली. इकडे सापोरोचा कारखाना खासगी मालकीचा झाला, नवा जर्मन तज्ज्ञ आला, आणि १८९१ मध्ये नाकागावांनी नोकरी सोडली. पुढे त्यांनी ओतारू बंदरात खानावळीसह उतारूंसाठी निवासगृह चालविले. १९१६ मध्ये त्यांचे निधन झाले.

वडोद्यात १८९० साली कलाभवन निघाले, तेही कारागिरीला शास्त्राची जोड देण्यासाठीच. विद्या गाठीशी बांधून परमुलखात पाय रोवणे आपल्या कुळांना नवे नाही. नाकागावांचे चरित्र त्यापुढची गोष्ट सांगते : शिकलेली विद्या माणसाला उभे करते, पण ती पुढे जात राहते, तिच्यामागून चालत राहणे ज्याचे त्यालाच जमवावे लागते. नाकागावांचे नाव आज थोड्यांनाच ठाऊक असेल. त्यांनी रुजविलेली सापोरोची बिअर मात्र जग ओळखते.